विश्लेषण : सद्गुणाला बक्षीस, पण कोणाच्या हातून? इंग्रजी कादंबरीच्या नीतीचा पहिला मोठा वाद

पंधरा वर्षांची एक मोलकरीण मालकापासून आपली अब्रू राखते आणि शेवटी त्याच मालकाची बायको होते. नोव्हेंबर १७४० मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या ‘पामेला’ या कादंबरीचे कथानक एवढेच. ‘सद्गुणाला बक्षीस’ अशा अर्थाचे तिचे उपशीर्षक होते. साऊथवर्कमधील सेंट सेव्हियर्स चर्चच्या व्यासपीठावरून एका पाद्र्याने ती वाचण्याची शिफारस केली, व्हॉक्सहॉलच्या बागेत तिच्यातील प्रसंगांची चित्रे लागली आणि पाच महिन्यांच्या आत तिची टर उडवणारे पुस्तकही बाजारात आले. कादंबरीने नीती शिकवावी, याबद्दल त्या काळात फारसे दुमत नव्हते. भांडण होते ते नीती म्हणजे नेमके काय, यावर.

मुळात गोष्ट रचणे संशयास्पद का होते?

अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील मोठा धार्मिक वाचकवर्ग रचलेल्या गोष्टीला छापील खोटे समजत असे. प्रवचने, प्रवासवर्णने, फाशी जाणाऱ्या गुन्हेगारांचे कबुलीजबाब हे त्याचे वाचन. त्यामुळे सुरुवातीच्या कादंबऱ्या आपण कादंबऱ्या आहोत हे कबूलच करत नाहीत. डॅनिएल डेफोचा ‘रॉबिन्सन क्रूसो’ १७१९ मध्ये आला तो खुद्द क्रूसोने लिहिलेली हकीकत म्हणून. पुस्तकावर डेफोचे नाव नव्हते. १७२२ च्या ‘मॉल फ्लँडर्स’ची नायिका पाच लग्ने करते (त्यातले एक नकळत सावत्र भावाशी), बारा वर्षे चोऱ्या करते आणि शिक्षा म्हणून अमेरिकेतील वसाहतीत पाठवली जाते. प्रस्तावना मात्र बजावते की, वाचकाने पापापेक्षा पश्चात्तापाकडे लक्ष द्यावे. किती वाचकांनी ते ऐकले असेल, हा भाग वेगळा.

डेफोची नीती हिशेबी आहे, अगदी शब्दशः. बेटावर एकटा पडलेला क्रूसो जमाखर्च मांडावा तसे आपल्या नशिबाचे बरे-वाईट दोन रकान्यांत लिहून काढतो. वडिलांचे न ऐकता समुद्रावर गेलो, ही त्याला आयुष्यभर टोचणारी चूक. पण ज्या झुरी नावाच्या मुलाच्या मदतीने तो मूरांच्या कैदेतून सुटतो, त्याला तो पोर्तुगीज कप्तानाला चांदीच्या साठ नाण्यांना विकतो. पुढे ब्राझीलच्या मळ्यावर काम वाढते तेव्हा त्याला झुरीची आठवण येते, ती हात कमी पडतात म्हणून. ज्या जहाजातून तो बेटावर फेकला जातो, ते आफ्रिकेतून गुलाम आणायला निघालेले होते. क्रूसोच्या पापांच्या यादीत हे येत नाही. आरंभीच्या इंग्रजी कादंबरीतील नीती वाचताना तिने काय मोजले याइतकेच काय मोजले नाही, हेही पाहावे लागते.

‘पामेला’त नेमके काय घडते?

सॅम्युएल रिचर्डसन हा सुताराचा मुलगा. मुद्रकाकडे उमेदवारी करून त्याने फ्लीट स्ट्रीटलगतच्या सॅलिसबरी कोर्टमध्ये स्वतःचा छापखाना उभा केला. पन्नाशीला आला तरी त्याने कादंबरी लिहिलेली नव्हती. दोन पुस्तकविक्रेत्यांनी त्याला साध्या लोकांसाठी पत्रांचे नमुने लिहून मागितले. नोकरीसाठी, मागणीसाठी, उसनवारीसाठी पत्र कसे लिहावे, अशा धर्तीचे पुस्तक. त्यात एक नमुना होता : मालकाने मुलीवर हात टाकायचा प्रयत्न केल्याचे कळल्यावर बापाने तिला लिहिलेले पत्र. या एका पत्रातून रिचर्डसनला कादंबरी सुचली आणि त्याने ती दोनेक महिन्यांत लिहून काढली.

कादंबरीही पत्रांचीच आहे. पामेला अँड्र्यूज बेडफर्डशरमधील एका श्रीमंत बाईच्या सेवेत आहे. बाईसाहेब वारतात. त्यांचा मुलगा ‘मिस्टर बी’ (पूर्ण नाव रिचर्डसन देतच नाही) तिला मृत आईच्या खिशातले पैसे देतो, चार सोन्याच्या गिन्या आणि थोडी चांदी. मुलगी आनंदाने हे घरी कळवते. गरीब आईबापांचे उत्तर येते ते काळजीने काळवंडलेले : मालक इतका उदार का झाला? वाचकाला धोका कळतो तो या उत्तरातून, पामेलाला कळण्याआधी. लिहिण्याची ही हातोटी रिचर्डसनपूर्वी इंग्रजीत या ताकदीने कोणी वापरली नव्हती.

मग पाठलाग सुरू होतो. मिस्टर बी तिची पत्रे मधल्यामध्ये फोडून वाचतो. घरी पाठवतो म्हणून तिला गाडीत बसवतो आणि लिंकनशरमधील दुसऱ्या वाड्यावर कोंडतो. तिथली कारभारीण मिसेस ज्यूक्स जेलर होऊन बसते. पामेला रोजनिशी लिहिते आणि तिचे कागद अंगावरच्या कपड्यात शिवून ठेवते. सुटकेचा प्रयत्न फसतो, तळ्यात जीव देण्याचा विचार तिच्या मनात येऊन जातो. मोलकरणीचे कपडे घालून मालक तिच्या खोलीत दडून बसतो, ती बेशुद्ध पडते म्हणून वाचते.

बळ चालेना तेव्हा मिस्टर बी कलमवार करार पाठवतो : पाचशे गिन्या रोख आणि वर्षाला अडीचशे पौंड उत्पन्न देणारी केंटमधील जमीन, बदल्यात तिने त्याची रखेली व्हावे. पामेला प्रत्येक कलमाला शेजारी उत्तर लिहिते आणि प्रत्येक नाकारते. संपूर्ण कादंबरीत यापेक्षा जबर प्रसंग नाही. ज्या मुलीच्या ‘हो-नाही’ला कायद्यात आणि वाड्यात कवडीची किंमत नव्हती, ती इथे बरोबरीची पक्षकार होऊन नकार लिहून देते. अखेर मालक तिची रोजनिशी वाचतो, विरघळतो आणि लग्न करतो. खेड्यात लोहाराकडे ही कादंबरी मोठ्याने वाचली जात असताना पामेलाच्या लग्नापाशी गावकऱ्यांनी आनंदाने चर्चची घंटा वाजवली, अशी आख्यायिका सांगतात.

मोलकरणींसाठी हा प्रश्न पुस्तकी का नव्हता?

लंडनमध्ये खेड्यापाड्यांतून येणाऱ्या हजारो मुलींना घरकाम हाच पोटाचा मार्ग होता. राहणे मालकाच्या छताखाली, आणि पुढची नोकरी मिळणार ती जुन्या मालकाने दिलेल्या वर्तणुकीच्या दाखल्यावर. मालकाने हात टाकला तर तक्रार करायची कोणाकडे? गरोदर राहिली तर नोकरी गेली, दाखला गेला आणि गावी परतण्याची वाटही बंद. रस्त्यांवर टाकलेली अर्भके पाहून अस्वस्थ झालेल्या थॉमस कोरम या निवृत्त कप्तानाने वर्षानुवर्षे खेटे घालून १७३९ मध्ये अनाथ बालकांच्या आश्रमासाठी राजाची सनद मिळवली. या आश्रमात पहिली मुले दाखल झाली ती मार्च १७४१ मध्ये. म्हणजे लंडन ‘पामेला’ वाचत होते, त्याच हिवाळ्याच्या अखेरीस.

लग्नाचा भागही आज वाटतो तितका गोडगुलाबी नव्हता. मिस्टर बी आधी खोट्या पाद्र्याला आणून खोटे लग्न लावण्याचा बेत रचतो. १७५३ चा विवाह कायदा येण्यापूर्वी इंग्लंडमध्ये असे बेत सहज शक्य होते. रिचर्डसनच्या छापखान्यापासून थोड्याच अंतरावरील फ्लीट तुरुंगाच्या परिसरात गुपचूप लग्ने लावून देणाऱ्या पाद्र्यांचा धंदा जोरात होता. तेव्हा खरे लग्न म्हणजे पामेलाला कायद्याने मिळालेला पहिला आसरा. पण लग्न होताच बायकोची मालमत्ता आणि कायदेशीर अस्तित्वही नवऱ्यात विलीन होई. मालक बदलला नाही, नाते बदलले.

वरच्या वर्गाला खटकली ती वेगळीच गोष्ट. जमीनदाराने मोलकरणीशी लग्न करणे हेच अनेकांना अनैतिक वाटले. व्हेनिसमध्ये कार्लो गोल्दोनीने १७५० मध्ये या कथेचे नाटक केले, तेव्हा शेवटी पामेला एका स्कॉटिश सरदाराची मुलगी निघते असे दाखवून त्याने पेच सोडवला. कारण तिथे सरदाराने खालच्या घरची मुलगी केली तर त्याच्या मुलांचे सरदारपद धोक्यात येई. सद्गुण ठीक, पण तो कुळाच्या दाखल्यासह आलेला बरा.

फील्डिंगचा आक्षेप कशाला होता?

एप्रिल १७४१ मध्ये ‘शामेला’ नावाची पुस्तिका टोपणनावाने निघाली. ती हेन्री फील्डिंगची, हे आता जवळपास सर्वमान्य आहे. तिच्यात नायिका पक्की बेरकी आहे. अब्रू म्हणजे भाव चढेपर्यंत राखून ठेवायचा माल, हे तिला ठाऊक आहे. लाजणे, बेशुद्ध पडणे सारे ठरवून. ही टिंगल गलिच्छ आणि काही ठिकाणी अन्यायकारक आहे. कोंडून ठेवलेल्या मुलीला ‘तूच जाळे टाकलेस’ म्हणणे फार जुने आहे आणि ते आजही संपलेले नाही. तरीही फील्डिंगचे बोट दुखऱ्या जागीच पडले होते. चांगुलपणाचे फळ जमीन, गाडी-घोडा आणि बाईसाहेब ही पदवी असेल, तर चांगुलपणा आणि चांगला सौदा यांत फरक काय उरला?

हे म्हणणे त्याने नीट मांडले ते फेब्रुवारी १७४२ मधील ‘जोसेफ अँड्र्यूज’मध्ये. जोसेफ हा पामेलाचा भाऊ. त्याच्यामागे त्याची मालकीण लेडी बूबी लागते. पुरुषाने शील जपण्याची गंमत काही पानांत उरकते आणि कथा रस्त्यावर येते. लुटारू जोसेफला मारून, कपडे काढून खड्ड्यात टाकतात. एक घोडागाडी थांबते. आतल्या सभ्य बाईला नागड्या माणसाशेजारी बसवत नाही. वकिलाला वाटते, हा मेला तर चौकशी आपल्यामागे लागेल, म्हणून नाइलाजाने घ्यावे. अंगावर घालायला मात्र कोणी काही देत नाही. शेवटी घोडे हाकणारा पोऱ्या अंगातला एकुलता एक कोट काढून देतो. फील्डिंग जाता जाता नोंदवतो की, हा पोऱ्या पुढे कोंबड्यांचे खुराडे लुटल्याबद्दल काळ्या पाण्यावर गेला.

फील्डिंगची सगळी नीती या एका वाक्यात मावते. कायद्याच्या वहीत चोर असलेला मुलगा त्या गाडीतला एकमेव सज्जन आहे. १७४९ मधील ‘टॉम जोन्स’मध्ये हाच विचार सहा खंडांत पसरला आहे. टॉम हे टाकलेले पोर, दयाळू जमीनदार ऑलवर्दीच्या अंथरुणात सापडलेले. तो मोठ्या मनाचा आहे आणि बायकांच्या बाबतीत ढिला आहे. सोफियावर प्रेम करत असताना लंडनमध्ये लेडी बेलॅस्टनच्या पैशावर राहतो. त्याच्यासोबत वाढलेला ब्लिफिल मात्र चर्चला जाणारा, मोजके बोलणारा, कधी पाय न घसरणारा आणि आतून सडलेला. नियम पाळणारा वाईट आणि नियम मोडणारा चांगला असू शकतो, हे फील्डिंग हसतखेळत सांगतो.

तो हे खुर्चीत बसून लिहीत नव्हता. १७३७ च्या नाट्यनियंत्रण कायद्याने त्याचे नाटकाचे दुकान बंद केले, तो वकील झाला आणि पुढे बो स्ट्रीटवर मॅजिस्ट्रेट. चोर, वेश्या, पळालेल्या मोलकरणी रोज त्याच्यासमोर उभ्या राहत. आणि मालकाने मोलकरणीशी लग्न करण्याची ज्याने यथेच्छ टवाळी केली, त्या फील्डिंगने पहिली बायको वारल्यावर १७४७ मध्ये लग्न केले ते तिच्याच मोलकरणीशी, मेरी डॅनिएलशी. ती तेव्हा गरोदर होती. लंडनच्या टवाळांना आयतेच कोलीत मिळाले. पण मुलगी गरोदर राहिल्यावर हात झटकणारे सभ्य गृहस्थ त्या शहरात ढीगभर होते, हे पाहता फील्डिंग आपल्या कादंबरीशी इमान राखून वागला असेच म्हणावे लागते.

जॉन्सनला भीती कशाची वाटत होती?

फेब्रुवारी आणि मार्च १७५० मध्ये लंडनला भूकंपाचे दोन धक्के बसले. लंडनच्या बिशपने भाविकांना लिहिलेल्या पत्रात हा देवाचा इशारा असल्याचे सांगून शहरात खपणाऱ्या निर्लज्ज पुस्तकांकडे बोट दाखवले. मार्चच्या ३१ तारखेला सॅम्युएल जॉन्सनने ‘रॅम्बलर’ या आपल्या नियतकालिकात नव्या कादंबऱ्यांवर निबंध लिहिला. सूर शांत होता. मुद्दा भूकंपापेक्षा टिकाऊ ठरला.

जॉन्सन म्हणतो, जुन्या अद्भुतकथांतले राक्षस आणि राजपुत्र वाचकाला आपल्यासारखे वाटत नसत, म्हणून त्यांचा धोका नव्हता. नवी कादंबरी शेजारच्या घरातली माणसे दाखवते. तिचे वाचक तरुण, अननुभवी. ते पात्रांना जगण्याचे नमुने समजतात. मग गुण-दोष एकाच माणसात असे मिसळले की गुणांच्या मोहात दोषही गोड लागावेत, हे बरे नव्हे. जग असे आहे, एवढे कारण पुरेसे नाही. त्यातले काय चितारायचे, याची निवड लेखकाने करायची असते. त्याने नाव घेतले नाही, पण रोख ‘टॉम जोन्स’वर होता, हे सहसा मान्य केले जाते. रिचर्डसन हा त्याचा मित्र आणि आवडता लेखक.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शिक्षणासोबत जॉन्सन पुण्या-मुंबईतही पोहोचला. त्याच्या ‘रासेलस’चे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेले मराठी भाषांतर विष्णुशास्त्र्यांनी पुरे केले आणि ‘निबंधमाले’त जॉन्सनवर सविस्तर लिहिले. त्या सुमारास मराठी कादंबरीही याच प्रश्नापाशी उभी होती. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) विधवांच्या हालांचे दर्शन घडवते. लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) सुष्ट-दुष्टांचा झगडा लावून सुष्टांना विजय देते. पुस्तक करमणुकीचे असेल, तर त्याने बोध करून आपली भरपाई करावी, ही अपेक्षा इथेही होती.

बक्षीस नाकारणारी नायिका

फील्डिंगच्या टोमण्याला सर्वांत चोख उत्तर दिले ते खुद्द रिचर्डसनने. १७४७-४८ मध्ये ‘क्लॅरिसा’ सात खंडांत आली. नऊ लाखांहून अधिक शब्दांची, पुन्हा पत्रांचीच. क्लॅरिसा हार्लो सधन घरची. आजोबांनी तिच्या नावे इस्टेट केल्याने भावाबहिणीचा पोटशूळ उठला आहे. जमिनीला जमीन जोडण्यासाठी घरचे तिला सोल्म्स नावाच्या किळसवाण्या श्रीमंताच्या गळ्यात बांधू पाहतात. त्यातून ती लव्हलेस या देखण्या, हुशार लंपटाच्या जाळ्यात सापडते. तो तिला लंडनला नेतो, सभ्य बिऱ्हाड म्हणून कुंटणखान्यात ठेवतो आणि शेवटी गुंगीचे औषध पाजून तिच्यावर बलात्कार करतो. पानेच्या पाने पाल्हाळ लावणारा लव्हलेस मित्राला हे कळवतो ते अवघ्या दोन-तीन ओळींत.

यापुढची कादंबरी आजही अंगावर येते. लव्हलेस लग्नाला तयार आहे. त्याचे आप्त विनवतात, जिवाभावाची मैत्रीण अ‍ॅनासुद्धा सांगते, कर बाई लग्न, जगाचे तोंड बंद होईल. क्लॅरिसा नाही म्हणते. कोर्टात जा, असा सल्ला एक वृद्ध पाद्री देतो. तर घरातून त्याच्याबरोबर तूच निघालीस ना, हे आपल्याला भर कोर्टात विचारले जाईल, हे ती जाणून आहे. ‘पामेला’त जे बक्षीस होते, तेच लग्न इथे अपमान ठरते. शीलभंग झाला म्हणून आपले शील गेले, हे ती मानत नाही. आणि अब्रू म्हणजे शरीराची राखण, हा ‘पामेला’चा पायाच यातून उखडला जातो. ती शवपेटी आधीच मागवून घेते, खोलीत ठेवते, तिच्यावर कागद ठेवून पत्रे लिहिते. नायिकेला मरणाशिवाय दुसरी वाट रिचर्डसन देऊ शकला नाही, ही त्याच्या काळाची आणि त्याचीही मर्यादा.

खंड हप्त्याहप्त्याने निघत होते, तेव्हा वाचकांनी लेखकाला गळ घातली : तिला मारू नका, लव्हलेसला सुधारा, लग्न लावा. लेडी ब्रॅडशेग यांनी आधी टोपणनावाने पत्रे लिहून विनवण्या केल्या, पुढे आपल्या प्रतीत समासभर टिपणे करून हुज्जत घातली. रिचर्डसन बधला नाही. पण त्याला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. बायकांना लव्हलेस आवडत होता! ज्याला पाहून शिसारी यावी, त्याच्यावर वाचक लुब्ध व्हावेत, हे जॉन्सनचे भय फील्डिंगच्या नव्हे, रिचर्डसनच्याच पुस्तकात खरे ठरले. पुढच्या आवृत्त्यांत त्याने लव्हलेसची कृष्णकृत्ये ठळक करणाऱ्या तळटीपा घातल्या, १७५१ च्या तिसऱ्या आवृत्तीत मजकूर वाढवून तो आणखी काळा केला. छापखाना घरचाच होता. लेडी ब्रॅडशेग यांचे मत मात्र बदलले नाही.